सुगंधाचे पाय

आमच्या घरी रात्री भात शिजणार की नाही, हे ओहोटी ठरवायची. आई खाडीच्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढून बाजारात विकायची. मी शाळेत टिकावं म्हणून धाकटी सुगंधा दुसरीतूनच आईबरोबर चिखलात उतरली. घरातली पहिली पदवीधर मी. कॉलेजात 'स्त्री आणि निसर्ग' या विषयावर निबंध लिहून पहिली आले, याचा मला अभिमान आहे.

खाडीत भराव घालायचं ठरलं, तेव्हा पाहणीला सरकारी साहेब आले. मी गावाच्या बाजूनं कागदांची फाइल घेऊन बांधावर उभी होते. ते म्हणाले, "इथं नुसता चिखल तर आहे."

"चपला काढून या ना, साहेब," सुगंधा म्हणाली.

ते उतरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. चिखलातल्या बाया पदराआड हसल्या. "पाय टाकू नका, ठेवा," म्हणत तिनं हात दिला. मग बोलता बोलता पायाच्या अंगठ्यानं चिखल चाचपला, एक तिसरी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

तिच्या त्या पायांचा मला हेवा वाटला. मी उतरले असते तर साहेबांसारखीच रुतले असते. माझे पाय कोरडे राहिले ते तिच्यामुळेच, हे कळूनही हेवा जात नाही.

"भराव थांबवायचा अर्ज तू लिही, ताई. तुझं बरंय, तुला येतं," ती म्हणाली. तिच्याही आवाजात तेच होतं.

अर्ज मी लिहिला. खाली पहिली सही तिनं अक्षर अक्षर जुळवत केली. भराव रद्द झाला.