पाव किलो सरकी आणि अडीचशे सीसी

माझी माय तीस वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून बी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कामाला होती. कापसाच्या ढिगावर उभं राहून कापूस मशीनकडे ढकलत राहायचं, हे तिचं काम. बाबाही तिथेच. हवेत दिवसभर बारीक तंतू उडायचे. ते बाबांच्या छातीत जाऊन बसले. मी आठवीत असताना त्यांचा दम इतका वाढला, की आडवं पडलं तर श्वास लागायचा, म्हणून ते खाटेवर बसूनच झोपायचे. बोरगाव मेघेला आमची टिनाची एक खोली होती. त्या खोलीत अभ्यास करून मी बी.कॉम. झाले. माहेर-सासर दोन्हीकडे पदवी घेणारी मी पहिली. हे मी मोठेपणासाठी सांगते असं कोणाला वाटलं तर वाटू द्या. मोठीच गोष्ट होती ती. पण पुढे जे चुकलं, त्यात या शिकलेपणाच्या ताठ्याचाही हात आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

बाबा गेले. मला एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या ऑफिसात नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. माय आमच्याकडे राहायला आली. छत्तिसाव्या वर्षी आंघोळ करताना डाव्या स्तनात हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून मी चार महिने गप्प बसले. तुम्ही बसू नका.

बायॉप्सी केली. म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासतात. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, "मी शिकलेली आहे, मलाच सांगा." त्यांनी मलाच सांगितलं, कॅन्सर आहे. बाहेर बाकावर बसलेल्या मायजवळ येईपर्यंत मी ते वाक्य तीनदा विसरले.

मास्टेक्टमी झाली, म्हणजे डावा स्तन पूर्ण काढला. मग किमो. मग रेडिएशन, म्हणजे त्या जागी किरण देऊन उरल्यासुरल्या पेशी मारतात. त्याने कातडी आधी भाजल्यासारखी झाली, मग काळी आणि चिवट. या सगळ्याबद्दल इतर बायांनी लिहिलेलं तुम्हाला वाचायला मिळेल. मला त्याच्या पुढचं सांगायचं आहे. त्याबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नाही.

मायने मला कापसाची गादी शिवून दिली होती. ती मी ब्लाउजच्या आत ठेवायची. हात वर केला की ती वर सरकायची. एकदा ऑफिसच्या खिडकीत दाखल्यासाठी पोरींची रांग होती. मी वरच्या कप्प्यातलं रजिस्टर काढलं आणि गादी गळ्याच्या हाडापर्यंत आली. समोरची पोरगी खाली बघायला लागली. तिच्या मागची बघत राहिली. त्या दिवशी मी ठरवलं, की इम्प्लांट बसवायचं. इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनची मऊ पिशवी, छातीच्या स्नायूखाली ठेवतात.

माय म्हणाली, "जीव वाचला ना तुया? आता हे कायले पाहिजे तुले?"

नवरा म्हणाला, "तुले वाटते तं कर. मले तू हाये तेवढी पुरे."

त्याचं बोलणं प्रेमाचं होतं. पण रजिस्टर काढायला तो येणार नव्हता.

नागपूरच्या एका रुग्णालयात प्लास्टिक सर्जन मॅडमना भेटलो. त्यांनी छातीची रुंदी मोजली, उजवी बाजू पाहिली आणि कागदावर चित्र काढून समजावलं. उजवा स्तन मुलीनंतर आणि किमोत वजन उतरल्यावर ओघळला होता. त्याची लिफ्ट करायची होती. तिला मास्टोपेक्सी म्हणतात. जास्तीची कातडी काढून, स्तनाग्र वर नेऊन, स्तन उचलून बसवतात.

"उचलल्यावर तो आतापेक्षा लहान दिसेल," मॅडम म्हणाल्या. "डावीकडचं माप आजच्या उजव्याला जुळवायचं नाही. उचललेल्या उजव्याला जुळवायचं."

मी म्हटलं, "मग उजव्यातही इम्प्लांट टाका. दोन्ही भरलेले दिसू द्या."

"लिफ्टमध्ये मी कातडी कमी करते. इम्प्लांट तीच कातडी आतून ताणतं. दोन्ही एकाच दिवशी केलं तर टाके त्या ओढाताणीत सापडतात. आकार जितका मोठा, तितकी जखम उघडायची भीती. आणि तुमचा हा एकच स्तन उरलाय. त्याची तपासणी मला स्वच्छ दिसायला हवी." मग त्यांनी डावीकडच्या काळ्या कातडीवर बोट ठेवलं. "ही कातडी किती सोसेल, ते हीच सांगेल. अंदाजे अडीचशे सीसी. घरी विचार करा."

सीसी हे इम्प्लांटचं माप. घरी मायला सांगितलं तर ती म्हणाली, "ते सीसी मले समजत नाई. पाव किलो म्हण ना."

आणि मी, बी.कॉम. झालेली बाई, म्हणाले, "हो, पाव किलोच."

एक सीसी पाणी एक ग्रॅम असतं, हे मला पाठ होतं. मायने जन्मभर सरकी हाताळलेली. सरकी म्हणजे कापसातली बी, अंगावर लव असलेली. बकरीसाठी पोतं घरात होतंच. पिठाने डाग पडतील, तांदूळ टोचतील, असं म्हणत तिने सरकी घेतली आणि समोरच्या किराण्यातून वजन करून आणली.

दुकानदाराने विचारलं होतं, "एवढीशी सरकी कायले पाहिजे व मावशे?"

"बकरी डायटिंगवर हाये," माय म्हणाली होती. हे सांगताना ती खूप दिवसांनी हसली.

जुन्या ओढणीच्या तुकड्यात ती सरकी बांधून मी आत ठेवली, वरून ब्लाउज घातला आणि आरशासमोर उभी राहिले. मला मी दिसले. आजाराच्या आधीची. मायने मागून पाहिलं, बाजूने पाहिलं आणि पाठीवरून हात फिरवला. पुढच्या भेटीत मी मॅडमना म्हटलं, "अडीचशे मान्य आहे." त्यांनाही बरं वाटलं. सरकीचं मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

पहिल्या ऑपरेशनमध्ये टिश्यू एक्स्पांडर बसवला. हा रिकामा फुगा. दर पंधरा दिवसांनी सुईने त्यात सलाइनचं पाणी भरतात, म्हणजे वरची कातडी हळूहळू सैल होते आणि पुढे इम्प्लांटला जागा मिळते. वर्ध्याहून बसने जायचं. केळझर आलं की माय खिडकीतून गणपतीला हात जोडायची. साठ सीसी झाले. एकशे वीस झाले. एकशे नव्वद. मी वाट पाहत होते. मला वाटायचं शेवटच्या खेपेला एकदम फुगेल.

अडीचशे झाले त्या दिवशी मी ड्रेसिंगच्या खोलीतल्या आरशात पाहिलं. सरकीच्या निम्मंही नव्हतं.

"सिस्टर, तुम्ही कमी भरून राहिल्या," मी म्हटलं.

सिस्टर पन्नाशीची, नागपूरची. सिरिंज उचलून दाखवत म्हणाली, "ओ ताई, मी काय दूध घालते का घरोघरी, माप मारायले?"

मला हसू आलं नाही. मी रडायला लागले. मॅडम आल्या. काय झालं ते त्यांनी शांतपणे विचारून घेतलं, आणि पुढच्या वेळी ती पुरचुंडी आणायला सांगितली. मायने आणली. सिस्टरने प्लास्टिकच्या मोजपात्रात सरकी ओतली. ती पाचशेच्या रेघेच्या वर गेली.

मायने वाकून रेघ पाहिली. मग म्हणाली, "वजन तं बराबर होतं, मॅडम."

"वजन बरोबरच होतं, आई. पण सीसी म्हणजे किती जागा व्यापते त्याचं माप. सरकी हलकी असते, म्हणून ती जास्त जागा घेते."

हे मी शाळेत शिकले होते. मुलीला शिकवलंही होतं. तुम्हाला असं घरी करून बघायचं असेल तर पिशवीत पाणी भरा, किंवा तांदूळ घेतला तर मापाच्या भांड्याने मोजा, तराजूने नाही. त्याहून बरं म्हणजे डॉक्टरांकडचे साइझर मागा. साइझर म्हणजे नमुन्याचे इम्प्लांट. लाज वाटते म्हणून मी मागितले नव्हते.

मॅडम म्हणाल्या, आपण इथेच थांबू. मी म्हटलं, निदान तीनशे तरी करा. आरशातली ती बाई मला विसरता येत नव्हती. मॅडमनी कातडी चिमटीत धरून पाहिली आणि तीस-तीस असं दोनदा वाढवून बघू म्हणाल्या. "पण दुखलं तर त्याच दिवशी सांगायचं."

दुखलं. कातडी चकाकायला लागली. खोकला आला तरी कळ जायची. मी गोळ्या घेतल्या आणि मॅडमना सांगितलं, "काही नाही, ठीक आहे." डावा हात आधीच सुजलेला होता. काखेतल्या गाठी काढल्यावर असं होतं, त्याला लिम्फिडीमा म्हणतात. छातीचं दुखणं त्यात मिसळून गेलं. माय ओळखून होती. "काऊन खोटं बोलून राह्यली तू डाक्टरसंग?" बसमध्ये ती म्हणाली.

ऑपरेशनच्या आधी टेबलावर दोन साइझर ठेवले, दोनशे पंचावन्न आणि दोनशे पंच्याण्णव. मी मोठ्यावर बोट ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "शेवटचा निर्णय कातडी पाहून आत होईल. मान्य असेल तरच सही करा." मी सही केली.

भूल दिलेल्या अवस्थेत टेबल उभं करून, पेशंटला बसतं करून दोन्ही बाजू जुळवतात. मोठा साइझर ठेवल्यावर डावीकडची कातडी पांढरी पडली, म्हणजे तिथलं रक्त थांबायला लागलं. मग त्यांनी दोनशे पंच्याहत्तरचं इम्प्लांट बसवलं. त्याच दिवशी उजव्याची लिफ्ट केली. हे मला दुसऱ्या दिवशी राउंडला सांगितलं. पट्टी सोडली तेव्हा दोन्ही बाजू जवळपास सारख्या होत्या. तसं तेरा दिवस राहिलं. मुलीने मागे लागून एक फोटो काढला. तो मी कोणाला दाखवत नाही, पुसतही नाही.

चौदाव्या दिवशी डाव्या टाक्यांची कड ओली झाली. मग कडेला काळी रेघ आली. रोज ड्रेसिंग, अँटिबायोटिक, पुन्हा एक टाका. उजवीकडे मात्र लिफ्टची जखम वेळेवर भरत होती. चौथ्या आठवड्यात ताप आला, आणि काळ्या रेघेतून आतलं इम्प्लांट चमकलेलं मला स्वतःलाच दिसलं. मी नवऱ्याला हाक मारली. त्याने पाहिलं आणि गाडीची चावी शोधायला लागला. चावी त्याच्या हातातच होती.

इम्प्लांट काढलं. पू झाला होता. लगेच दुसरं ठेवता येत नाही.

मी मॅडमना विचारलं, "अडीचशेवर थांबले असते तर टिकलं असतं का?"

"रेडिएशन झालेली कातडी आहे. लहान असतं तरी हे होऊ शकलं असतं. नसतंही झालं. मला खरंच सांगता येत नाही. तुम्ही दुखतंय म्हणाला असतात तर मी थांबले असते. आणि तुम्ही म्हणाला नाहीत तरी मला कातडीवरून दिसत होतं. मी थांबायला हवं होतं."

इतकं सरळ मला या आजारात कोणी बोललं नव्हतं. त्यांचे आभार मानायचे तर मी या उत्तरासाठी मानीन. पण त्या उत्तराने झोप येत नाही. आजही कपडे बदलताना माझं गणित सुरू होतं. पंचवीस सीसी कमी. पन्नास कमी. एक दिवस आधी सांगितलं असतं तर.

परतताना केळझर आलं. मायने हात जोडले नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, "त्याले दिसत नाई का?" नंतर कधी ती त्या बाजूला बसली नाही.

जाऊबाई भेटायला आली. स्टूलवर बसून म्हणाली, "देवानं एक डाव वाचवलं, तं बाईसाहेब मापं काढत बसल्या." माय आतून आली. "चहा पेजो आन् जाजो," ती म्हणाली. एवढंच. जाऊबाई चहा न घेताच गेली.

सहा महिन्यांनी मॅडमनी दुसरा मार्ग पुन्हा सांगितला, फ्लॅप. म्हणजे पाठीचा स्नायू आणि कातडी वळवून पुढे आणायची, तिचा रक्तपुरवठा चांगला असतो. ज्यांचं रेडिएशन झालं आहे आणि इम्प्लांट की फ्लॅप हे ठरवायचं आहे, त्यांनी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. इम्प्लांटच्या आधी मॅडमनी तो सांगितला तेव्हा मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. आता माझा हात सुजलेला आहे, पाठीचा जोर मला लागतो, आणि पुन्हा एकदा आरशासमोर वाट पाहायचं बळ माझ्यात नाही. मी नको म्हटलं. ज्यांच्यात बळ आहे त्यांनी करावं. माझं बघून थांबू नये.

मला बरं वाटतं असं मी लिहिणार नाही. लोक शेवटी तसं लिहितात. या वर्षीची तपासणी स्वच्छ आली तेव्हा घरात शिरा झाला. मी एक चमचा खाल्ला.

आज माझ्या डाव्या बाजूला सपाट छाती आणि आडवा व्रण आहे. उजवीकडची लिफ्ट टिकली आहे. कॅन्सर परत आलेला नाही. मी कामावर रुजू आहे, आणि डॉक्टरांनी विचारलं की दुखतं का, तर दुखतं तेव्हा हो म्हणते.