खिंडीपलीकडच्या अस्थी

माझा थोरला भाऊ कैलासाला गेला आणि परत आला नाही. तीस आणि चाळीस सालांमधली ही गोष्ट. श्रावणात हिंदीत लिहिलेले एक पोस्टकार्ड आले. आपले बंधू लिपुलेखची खिंड उतरल्यावर ताप येऊन तकलाकोटला वारले, एवढाच मजकूर. कार्ड पावसात भिजले होते. सही लागली नाही.

त्या न लागलेल्या सहीवर वहिनी अडून बसल्या. कार्ड लिहिणारा कोण हेच ठाऊक नाही, तर ते खरे कशावरून? उपाध्यांनी मार्ग सांगितला : देह मिळत नसेल तर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होत्या.

"पानांचा माणूस जाळून मी कुंकू पुसायची नाही," त्या म्हणाल्या. "अस्थी आणा. मग सांगाल ते करीन."

"अहो, तो मुलूख कुठं, आपण कुठं!" उपाध्ये म्हणाले.

"सारा हिंदुस्थान अस्थी घेऊन आपल्या रामकुंडावर येतो की. आपल्याला एकदा जायला काय झालं?"

जायचे म्हणजे मी. मी शाळेत भूगोल शिकवत असे, आणि पांडवलेण्यांहून उंच काही चढलो नव्हतो. पुढच्या उन्हाळ्यात तांब्याचा एक लोटा आणि त्याच्या तोंडाला बांधायला कोरे कापड घेऊन निघालो. काठगोदामपर्यंत आगगाडी, अल्मोड्यापर्यंत लॉरी, तिथून जवळजवळ तीन आठवडे पायी. गर्ब्यांग हे अलीकडचे शेवटचे गाव. तिथल्या एका भोटिया व्यापाऱ्याने मला आपल्या तांड्यात घेतले. त्याच्या मेंढ्यांच्या पाठीवर धान्याच्या लहान लहान थैल्या होत्या. येताना त्यांतून तिबेटचे मीठ यायचे.

वारा सुटण्याआधी खिंड ओलांडायची म्हणून पहाटेच निघालो. बर्फ गुडघ्यापर्यंत. दहा पावले टाकायची आणि थांबायचे. मी काही विचारू लागलो की व्यापारी हात वर करी.

"बोलू नका, मास्टरजी. खिंडीत जो बोलतो त्याचा श्वास खिंड ठेवून घेते. आणि तुम्ही तर बोलूनच पोट भरणारे!"

माझ्या नकाशात तिथे तांबडी रेघ होती. चौकी असेल, शिपाई असेल, कुणीतरी नाव विचारील, असे मी धरून चाललो होतो. माथ्यावर फक्त दगडांचा एक ढीग होता आणि त्यात खोचलेल्या काठ्यांवर चिंध्या फडफडत होत्या. व्यापाऱ्याने आरोळी दिली, एक दगड त्यावर ठेवला, मलाही ठेवायला लावला. दादानेही इथे ठेवला असणार. मी ते दगड बघत उभा राहिलो. व्यापाऱ्याने अखेर दंडाला धरून मला पलीकडे ओढले.

पलीकडे सगळे तपकिरी, उघडे डोंगर. दोन दिवस चाललो तरी एक झाड दिसले नाही. हे उघडेपण मला दिसत होते. त्याचा अर्थ लागत नव्हता.

तकलाकोटला व्यापाऱ्याला दुभाष्या करून चौकशी करता करता एक म्हातारी सापडली. गेल्या वर्षीचा आजारी यात्रेकरू तिच्याच घरात होता. ओळख कशी पटवावी मला कळेना. तेवढ्यात तिने आपणहून घसा खाकरून दाखवला. दोनदा, मग थांबून एकदा. बोलायला तोंड उघडण्यापूर्वी दादा जन्मभर असाच खाकरत असे. त्या परक्या बाईच्या गळ्यातून तो आवाज आला.

मी विचारले, "चिता कुठं रचली होती?"

व्यापाऱ्याने ते तिला सांगितलेच नाही. मला म्हणाला, "मास्टरजी, इकडे लाकूड पाहिलंत कुठं?"

गोदाकाठी वाढलेला मी. मृत्यू म्हणजे अग्नी आणि अग्नीनंतर अस्थी, याखेरीज काही असू शकते हे मनातच आले नव्हते. त्याने डोंगराच्या एका सपाट खडकाकडे बोट दाखवले. वर गिधाडे फिरत होती.

"स्वतःच्या आईबापांचं करतात तेच त्यांनी केलं. लामाही बोलावला होता. वाईट मानू नका."

खडकावर हाडांचे तुकडे पडले होते, जुने, नवे, अनेकांचे.

"घ्या एखादं," तो हळूच म्हणाला. "कोण विचारणार आहे?"

मी अंगठ्याएवढा एक तुकडा उचलला आणि लोट्याचे तोंड बांधले.

परतताना खिंडीत मला सारखे वाटत राहिले, न विचारता मी कुणाला तरी हद्दीपार नेतो आहे. मागे वळून पाहिले की मेंढ्याच असत.

घरी वहिनींनी कापड सोडले, तुकडा तळहातावर घेतला.

"यांचंच?"

मी म्हातारीचे खाकरणे सांगितले. दोनदा, मग थांबून एकदा. वहिनींनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "ते विचारलं नाही मी, भावजी."

मग सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. पदराच्या टोकाने कुंकू पुसून त्या म्हणाल्या, "यांचं कळलं. पण आणलंय त्याला आता परकं म्हणून टाकायचं नाही. नीट सोडा."

तुकडा मी रामकुंडात सोडला. दहाव्या दिवशी घाटावर दोन पिंड ठेवले. उपाध्यांनी दुसऱ्याचे नाव, गोत्र विचारले. ठाऊक नाही म्हणालो. पुरुष की स्त्री? तेही ठाऊक नव्हते.

दादाच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. दुसऱ्याकडे एकही फिरकेना. अशा वेळी घरचे लोक गेलेल्याची राहिलेली इच्छा बोलून दाखवतात, ती पुरी करू म्हणतात. ऊन डोक्यावर आले. मला काय बोलावे सुचेना. पायऱ्यांवरून वहिनी म्हणाल्या, "सांगा, परत नेऊन पोचवू."

मी हात जोडून तसे म्हणालो. थोड्या वेळाने कावळा आला.

पाण्यात सोडलेले परत कसे नेणार, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आले नाही.