कापसाला पाय न लावता

बाभुळगावातले लोक हल्ली नयनला 'गुणी पोर' म्हणतात. गुणी वगैरे काही नाही. अकरावीत आहे, अभ्यासाच्या नावानं बोंब, तोंड तिखट, आणि भूक लागली की घरात कुणाचं ऐकत नाही. पण हॉकीच्या गोलात ती उभी राहिली की समोरच्या पोरी बिचकतात, एवढं मात्र खरं.

गोलात गेली तीसुद्धा कुणी हिरा पारखला म्हणून नव्हे. शाळेचे धम्मदीप सर कॉलेजात हॉकी खेळलेले. त्यांनी कुठून कुठून स्टिका जमवल्या, पोरी जमवल्या, आणि पायाला बांधायचे पॅड निघाले सगळ्यांत उंच पोरीच्याच मापाचे. ती नयन. झाली गोलकीपर.

मैदान मुरमाचं. पहिल्याच वर्षी चेंडू अडवायला तिनं आडवं अंग टाकलं आणि कोपरापासून कमरेपर्यंत कातडी सोलून निघाली. आईनं, म्हणजे इंदुताईनं, हळद भरली आणि वर दोन धपाटे दिले. तेव्हापासून नयननं ठरवलं, पडायचं नाही. उभ्यानं लाथाडायचं, अगदीच नाइलाज झाला तर गुडघा टेकायचा. मुरमावर ते चाललंही, कारण तिथं चेंडू उड्या मारत, ठेचकाळत येतो. तालुका झाला, जिल्हा झाला, विभाग झाला.

राज्याच्या ज्युनिअर संघाच्या निवडीला पुण्याला गेली, तिथं फजिती झाली. टर्फ म्हणजे निळी, पाणी मारलेली सतरंजीच. चेंडू जमिनीलगत सपकन येतो आणि कोपऱ्यात शिरतो. नयनचा गुडघा टेकेपर्यंत गोलाच्या मागच्या फळीवर खट्ट! निवडीच्या मॅडम ओरडत होत्या, "पड! अगं पड ना!" अंग ऐकेल तर ना.

संध्याकाळी मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "नजर चांगली आहे तुझी. पण न पडणारी गोलकीपर मी कॅम्पला नेणार नाही. पुढच्या महिन्यात शेवटची चाचणी आहे. पडायला शिकून ये, नाहीतर येऊ नकोस."

मॅडमचं काही चुकलं नाही. पण शिकायचं कुठं? सरांनी मैदानावर शाळेची सतरंजी अंथरून पाहिली. खालचा मुरूम तो मुरूमच. उंच उडीची गादी उंदरांनी कधीच खाल्ली होती.

घरी पुढच्या खोलीत कापूस भरला होता. नयनचे वडील बबनराव भाव चढायची वाट पाहत होते, त्यामुळे पुढच्या खोलीत कापूस आणि मागच्या खोलीत माणसं. एका दुपारी आई शेतात गेलेली पाहून नयननं दार लोटलं आणि ढिगावर अंग झोकलं. काही सोललं नाही. पुन्हा झोकलं. हसायलाच लागली. तेवढ्यात दारात इंदुताई.

"काहून वं पोट्टे! लक्ष्मीले पाय लावतं?" चुलीसाठी आणलेली पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाची, काडी हातात होतीच, ती पोटरीवर बसली.

"मंग मी पडू कुठं?" नयनचा बांधच फुटला. "मुरमावर पडू? मले पडता येत नाही म्हणून ते नेत नाहीत!"

इंदुताईला हॉकीतलं काही कळत नव्हतं. पण ही पोरगी धपाट्यानंही रडत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं कापसाकडे पाहिलं आणि काडी खाली घेतली.

"हातपाय धुऊन ये," ती म्हणाली. "धुतलेले कपडे घाल. मंग अंग टाक खुशाल. पण पाय नाही लागला पाह्यजे. गुडघा बी नाही."

"असं कोनी पडते का, आई?"

"मंग नको पडू."

तेव्हापासून रोज उंबऱ्यात इंदुताई काडी घेऊन बसायची. नयन फरशीवरून झेप घ्यायची ती थेट आडवी, हात पुढं, पाय वर. टाच जरा टेकली की काडी. अंगभर खाज सुटायची, मग कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ. धम्मदीप सर एकदा पाहायला आले आणि कपाळावर हात मारून घेतला. "ताई, आधी गुडघा टेकू नको, हे मी हिले दोन वर्षांपासून सांगून राह्यलो!"

"तुमी काडी नसंल घेतली," इंदुताई म्हणाली.

आणि नेमका भाव चढला. शेजारचे देवीलाल दारात येऊन ओरडले, "बबनराव, कापूस इकता का पोरीची गादी भरता?"

"चार दिवस थांबा ना," इंदुताई नवऱ्याला हळूच म्हणाली.

"भाव काय तुह्या पोरीसाठी थांबते?"

तेही खरंच. गाडी आली, कापूस भरला जाऊ लागला. नयन भिंतीला टेकून बघत होती. खोली रिकामी होत गेली. शेवटच्या कोपऱ्याशी माणसं पोचली, तसे बबनराव मध्येच आडवे आले.

"राहू द्या तेवढा. ओला हाये."

देवीलालनी ढिगात हात घातला. "ठणठणीत वाळलेला हाये की, भाऊ!"

"मी म्हणतो ना, ओला हाये!"

पोरीकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. गाडीबरोबर निघून गेले.

पुण्याच्या चाचणीत मॅडमनी मुद्दाम उजव्या कोपऱ्यात चेंडू मारायला लावले. पहिला गेला. फळी वाजली. खाली कापूस नव्हता, निळं ओलं टर्फ होतं. दुसरा आला तेव्हा तिनं डोळ्यांपुढं आईची काडी आणली आणि अंग फेकलं. चेंडू हातमोज्यावर आपटून बाहेर. मग एकामागून एक. काही गेले, बरेच अडले.

"पाय वर करून पडायला तुला कुणी शिकवलं गं?" मॅडम हसत होत्या.

"आईनं. पाय लागला की मारते."

कॅम्पसाठी दोन गोलकीपर घेतल्या, त्यात दुसरं नाव नयनचं. बरोबर आलेल्या सरांच्या मोबाइलवरून तिनं घरी फोन लावला. तिकडं इंदुताईनं निवड झाली का, हे विचारलंच नाही.

"पडली का वं?"

"पडली, आई."

"सोललं तं नाही?"

"नाही. घेतलं मले."

 इंदुताई मागं वळून नवऱ्याला ओरडली, "आयकलं का? आता इका तो ओला कापूस!"