न दिलेला अंगठा

फोन वाजला की त्याचा अंगठा पडद्यापर्यंत जायचा, थांबायचा आणि मागे यायचा. "थांब, अजून झालेलं नाही," असं तो फोनलाच सांगायचा. मग खुर्ची मागे ढकलून चालायला लागायचा.

कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी झाडलोट आणि चहा करायचे. तो गाड्या लावायचा. कुठली गाडी न्हावा शेव्याला, कुठली पुण्याला, सगळं शेठच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यायचं. सकाळपासून टिंग टिंग. बसला तरी त्याचा पाय टेबलाखाली हलत असायचा आणि वर माझे चहाचे ग्लास वाजायचे.

बाकीचे मेसेज न वाचताच अंगठा देऊन मोकळे. तुमच्याकडेही असे असतील. कदाचित तुम्हीही त्यातलेच असाल. हा मात्र काम झाल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.

शेठ केबिनमधून ओरडायचे, "अरे, बघितलंस की नाही, मला कसं कळणार? रिप्लाय दे ना!"

"शेठ, अंगठा दिला की तुम्ही ते काम विसरता."

"आणि तू दिला नाहीस की माझं बीपी वाढतं!"

आमच्या बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती. मी आणि हिशेबाच्या दोन मुली, एक हात दाराला लावूनच बसायचो. एकदा एका ड्रायव्हरने दार ढकललंच. मी आतून डबा फेकून मारला.

"मावशे, मना काय ठाव तू आत हायस!" म्हणत तो पळाला.

मी चौथी शिकलेली. लिहिता येतं. त्याच दिवशी ग्रुपवर टाकलं, 'बायकांच्या संडासाला कडी लावा.' घटकाभरात सगळ्यांचे अंगठे आले, शेठचाही. कडी काही आली नाही. अंगठा नव्हता तो एकट्या याचा.

"तुला दिसलं नाही का रे?"

"दिसलं, मावशी. डोक्यात आहे."

"डोक्यात नको, दाराला पाहिजे."

पुढे रिप्लाय देत नाही म्हणून शेठनी त्याला काढलं. आधी ग्रुपमधून, मग बोलावून नोकरीवरून. त्याचा फोन गप्प झाला. टेबलाखालचा पायही थांबला, ते मला बघवेना. चहा ठेवला, तो त्याने घेतला नाही. ड्रॉवरमधला पेचकस काढला आणि बाहेर गेला. मला वाटलं, रागाच्या भरात शेठच्या गाडीचं काहीतरी करतोय. म्हटलं, करू दे.

दुसऱ्या दिवशी संडासाच्या दाराला आतून लोखंडी कडी होती. जरा तिरकी, पण घट्ट. तिच्या वर, दारावर खडूने अंगठा काढलेला, वांग्यासारखा दिसत होता. मी कडी घातली आणि त्या ऑफिसात पहिल्यांदा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले.

कोणीतरी बाहेरून दार ढकललं. दार हललं नाही.

"थांब," मी आतून ओरडले, "अजून झालेलं नाही."