कुंकू लागलेली रायफल

रायफलीच्या दस्त्यावरचा तो लाल डाग मी अजून विसरलेले नाही. परवा फोनवर तुम्ही विचारलेत, "आजी, आमच्याकडे बंदुकीच्या परवान्याच्या कायद्याविरुद्ध लोक कोर्टात जातात. न्यूझीलंडमध्येही जातात का?" जातात. मात्र तुमच्या अमेरिकेत बंदूक हा हक्क मानला जातो. इथे ती विश्वासाने दिलेली परवानगी असते. पोलिसांचा विश्वास उडाला की परवाना रद्द होतो आणि माणसाला त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते. असे एक प्रकरण माझ्या हाताखालून गेले. नावे सांगणार नाही.

तेव्हा हॅमिल्टनच्या पोलीस ठाण्यात शस्त्र परवान्यांची तपासणी माझ्याकडे होती. ऑक्टोबरात एका संध्याकाळी शहराबाहेरच्या वस्तीतून एका बाईंचा फोन आला. त्या शेजाऱ्यांकडे अंडी द्यायला गेल्या होत्या. दार नुसते लोटलेले, घरात कुणी नाही, आणि बैठ्या टेबलावर रायफल, फुले व जळता दिवा! "कुणी जिवाचं बरंवाईट तर करत नाहीये ना?" त्या घाबरून विचारत होत्या.

गस्तीची गाडी पोहोचेपर्यंत कुटुंब परतले होते. पोलिसांना फोन केल्याचे शेजारणीने त्यांना सांगूनही टाकले होते. सगळे सुखरूप होते आणि रायफल कुलूपबंद लोखंडी कपाटात होती. दुसऱ्या दिवशी सार्जंट आणि मी चौकशीला गेलो.

घर एका मराठी माणसाचे होते. तो गुरांचा डॉक्टर. न वाचणारी गाय तडफडत राहू नये म्हणून त्याला रायफल लागे. परवाना गेला तर नोकरी जाणार, आणि त्या नोकरीच्या व्हिसावरच सगळ्या कुटुंबाचा इथला मुक्काम होता.

आमच्या पद्धतीप्रमाणे नवरा-बायकोला वेगवेगळे बसवून विचारले. दोघांचे उत्तर शब्दशः एकच आले: "रायफल कपाटातून बाहेर आलीच नाही." खरे बोलणारी दोन माणसे इतके सारखे कधी बोलत नाहीत.

मग दोघांना एकत्र बोलावून सार्जंटनी कपाटातली रायफल खिडकीशी नेऊन पाहिली. दस्त्याच्या खाचेत लाल डाग होता.

"रक्त," ते हळूच म्हणाले. "प्रयोगशाळेत पाठवू."

मी वाकून पाहिले. डागाच्या कडेला पिवळी पूड होती आणि उदबत्तीचा वास येत होता. मी त्याच्या बायकोकडे वळून मराठीत विचारले, "काल खंडेनवमी. शस्त्रपूजा केलीत ना?"

ती म्हणाली, "ताई, आता तुमच्यापासून काय लपवणार? पूजेतली वस्तू उत्तरपूजेआधी हलवायची नाही, म्हणून तशीच ठेवली आणि ओळखीच्यांकडे आरतीला गेलो."

"दार उघडं टाकून?"

"ह्यांना वाटलं, इथे कोण येतंय!"

नवरा चिडला. "उचलू नका, अपशकुन होईल, हे कोण म्हणालं?"

"आणि पोलिसांना खोटं सांगू या, हे कोण म्हणालं?"



मी सार्जंटना सगळे समजावले. ते चक्रावले. "तुम्ही लोक बंदुकीची पूजा करता?"

"आपापल्या कामाच्या हत्याराची. काल मी माझ्या हातकड्यांना कुंकू लावलं."

त्यांनी माझ्या कंबरेकडे निरखून पाहिले. "पुसलंत ना?"

रायफल जप्त झाली, परवाना रद्द झाला. शस्त्र उघड्यावर ठेवले, हे एक कारण. पोलिसांशी खोटे बोलला, हे दुसरे आणि जास्त गंभीर. बिनपगारी रजा घेऊन तो जिल्हा न्यायालयात गेला. त्याच्या वकिलांनी धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा मांडला: पूजेतली वस्तू उचलायला धर्माचीच मनाई आहे, मग अशिलाचा दोष काय?

मी साक्षीदार होते. न्यायाधीशांनी मलाच विचारले, "तुम्ही त्याच समाजातल्या. ही मनाई इतकी कडक असते?"

समोर त्याची बायको माझ्याकडे टक लावून पाहत होती. मी म्हणाले, "माझे वडील डॉक्टर होते. खंडेनवमीला त्यांचा स्टेथोस्कोप पूजेत असे. दाराशी रुग्ण आला की ते नमस्कार करून तो उचलत आणि काम झाल्यावर पुन्हा ठेवत. आमच्या घरात कुणी अपशकुन मानला नाही."

वकिलांचा मुद्दा तिथेच संपला. बाईने मान खाली घातली. मला वाईट वाटले, पण शपथेवर दुसरे काय सांगणार?

तेवढ्यात तिचा नवरा उभा राहिला. वकील कोटाची बाही ओढत होते, तरी बोलला, "त्या दिवशी एखाद्या शेतकऱ्याचा फोन आला असता, तर मीही रायफल उचलून निघालो असतो. देवाला मध्ये आणायला नको. हलगर्जीपणा माझा. खोटं बोललो तेही भीतीपोटी."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतले. प्रथेने कुलूप सैल होत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण स्वतःच्या बचावाचा मुद्दा सोडून जो खरे बोलतो, त्याच्यावर पुन्हा विश्वास टाकता येईल, असे म्हणून त्यांनी परवाना परत दिला. अट एकच: पोलीस केव्हाही कपाट तपासतील.

नोकरीभर मी माणसांची कुलपे तपासली. कुलूप लावायला विसरलेला माणूस सुधारतो, हे मी अनेकदा पाहिले. अडचणीत आल्यावर तो काय बोलतो, त्यावरून त्याच्या हाती शस्त्र द्यावे की नाही हे ठरवायला मी या प्रकरणात शिकले.

पुढच्या खंडेनवमीला मी न कळवता त्यांच्या दारात उभी राहिले. लोखंडी कपाटाला कुलूप होते. कपाटाच्या दारावर हळदीकुंकवाची बोटे, मुठीला इथल्या कोफाय झाडाच्या पिवळ्या फुलांची माळ. समोर निरांजन तेवत होते.

"पूजा आत्ताच झाली, ताई," बाई म्हणाली. "पण तपासायचं असेल ना?"

मी होकार दिला. नवऱ्याने कपाटाला नमस्कार केला, माळ काढून बायकोच्या हातात दिली आणि कुलपाला किल्ली लावली.