पंधरा टक्के वाढवून

निकाल लागायच्या आदल्या दिवशीच मी मुलीच्या दहावीच्या टक्क्यांचा फ्लेक्स छापून घेतला.

निकालाच्या दिवशी फ्लेक्सवाल्याकडे झुंबड उडते आणि आमच्या कॉलनीत ज्याचा फ्लेक्स पहिला, त्याचं पोरगं हुशार, असा साधा हिशोब असतो. मला पहिलं यायचं होतं. (शाळेत राहून गेलं होतं.)

तसं मुलीला विचारलं होतं. ती म्हणाली, "चौऱ्याहत्तर पडतील, पप्पा. क्लासच्या मॅडमबरोबर सगळे पेपर ताडून बघितलेत."

आता इथे माझा अनुभव आडवा आला. माझ्या वेळी प्रत्येक पेपरनंतर मी वडिलांना "एकदम सोपा होता" असं छाती काढून सांगायचो आणि पुढे काय व्हायचं ते व्हायचं. हुशार पोरं मात्र रडका चेहरा करून बाहेर पडायची आणि नव्वद घेऊन यायची. म्हणजे आमची पोरगी चौऱ्याहत्तर म्हणतेय, तेही कपाळाला आठ्या घालून, तर नक्कीच कमी सांगतेय. मी पंधरा टक्के मिळवले आणि फ्लेक्सवाल्याला सांगितलं, "एकोणनव्वद टाक. उद्या बारालाच चौकात बांधून टाक."

"निकाल तर एकला हाय ना, साहेब?"

"तू बांध रे!"

दुसऱ्या दिवशी एक वाजता तिने मोबाईलवर निकाल उघडला. चौऱ्याहत्तर पॉइंट वीस! तिने किंकाळी फोडली, आईच्या गळ्यात पडली. तिला हवं होतं त्या कॉलेजात कॉमर्सला एवढे पुरत होते. मी सोफ्यावर घाम पुसत बसलो. डोळ्यांपुढे चौक दिसत होता. तिच्या मैत्रिणी तिथे उभ्या राहून तिचा फोटो आणि खालचा आकडा वाचताहेत, आणि मग मोबाईलवर खरा निकाल बघताहेत. खोटारडी कोण ठरणार? ती. टक्के बापाने वाढवले हे कोण कशाला मानेल?

"पप्पा, तुम्हाला आनंद नाही झाला?" तिने विचारलं. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"झाला ना! पेढे आणतो," म्हणत मी चपला उलट्यासुलट्या घालून पळालो. फ्लेक्सवाला फोन उचलत नव्हता. मे महिन्याचं ऊन, स्कूटर तापलेली, आणि मी देवाला म्हणतोय, वारा सोड, वादळ सोड, काहीही कर.

चौकात पोचलो आणि मान वर केली. खांबाखांबावर, झाडांवर, बसथांब्यावरसुद्धा गॉगल घातलेले एक भाऊ हात जोडून हसत होते. भाऊंचा वाढदिवस. आमच्या पोरीचा फोटो कुठेच नव्हता.

खाली फ्लेक्सवाला शिडी धरून उभा होता. मला बघून तो आधीच कानाला हात लावू लागला. "साहेब, माफी करा! सकाळीच भाऊंची पोरं आली, एक खांब मोकळा नाय ठेवला. तुमचा गुंडाळून ठेवलाय. लय वाईट वाटतंय बघा."

"वाईट कशाला वाटून घेतोस!" मी त्याला मिठीच मारली. तो दचकून शिडीला धरून राहिला. मग मी वर बघून भाऊंना मनापासून नमस्कार केला. इतकी वर्षं ज्यांच्या फ्लेक्सला शिव्या घातल्या, त्यांना उदंड आयुष्य चिंतलं.

पेढे घेतले, फ्लेक्स बगलेत मारला आणि शीळ घालत घरी आलो. स्कूटरला पावसाळ्यात झाकायला होईल, असा विचार होता. पण मुलीने पेढ्यांआधी गुंडाळीच ओढली आणि हॉलभर पसरली.

"एकोणनव्वद?" ती फरशीवरच बसली. "मी चौऱ्याहत्तर सांगितले होते ना?"

"मला वाटलं, तू कमी सांगतेयस."

"मी मोजून सांगितलं होतं, पप्पा." क्षणभर वाटलं, आता रडते. पण तिने फ्लेक्सवरच्या स्वतःच्या फोटोकडे पाहिलं आणि खदखदून हसत सुटली. माझा जीव भांड्यात पडला. हसू आवरत ती म्हणाली, "तुम्हाला दहावीला एक्क्याऐंशी होते म्हणता, त्यातूनही पंधरा काढायचे का?"

मी पेढ्याचा बॉक्स उघडायला लागलो. बायकोने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि पहिला पेढा मुलीच्या तोंडात घालत म्हणाली, "त्यातून काय काढतेस? ऑक्टोबरला पुन्हा बसून पास झालेत ते!"