अक्काच्या डब्यातली हळद

मला आनंद पचत नाही. शाळेत पहिला नंबर आला की मी घरी पोहोचण्याआधी सगळ्या गल्लीला कळलेलं असायचं. आता लोणखेड्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, केस पिकले, पण खोड तीच. म्हणून त्या दुपारी पुण्याच्या प्रयोगशाळेतून निकाल मोबाइलवर आला, तेव्हा पुढचा तास मी कसाबसा उरकला, स्कूटी काढली आणि थेट कळसाडी गाठली.

कळसाडीला माझी मोठी बहीण दिलेली. अक्काचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि धुळ्याला केमो चालू होती. तीन डोस झाले होते, तीन बाकी होते. जिभेची चव गेलेली, तळपाय बधिर झालेले. डोक्याला रुमाल बांधून ती ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

"अक्का, जमी गयं," मी फाटकातूनच ओरडले.

जमलं होतं ते असं. हळदीला पिवळी करणारं द्रव्य मी वेगळं काढून पुण्याला पाठवलं होतं. तिथे त्यांनी काचेच्या बशांमध्ये कॅन्सरच्या पेशी वाढवल्या आणि अक्काला देतात तेच औषध त्यांवर घातलं. काही बशांत सोबत माझं द्रव्यही घातलं. जिथे दोन्ही होतं, तिथे नेहमीपेक्षा कमी औषधात तेवढ्याच पेशी मेल्या होत्या. या एका ओळीसाठी मी कितीतरी सुट्ट्या प्रयोगशाळेत घालवल्या होत्या. मला नाचावंसं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ओट्यासमोर मी थोडी नाचलेही. अक्काला सगळं सांगितलं. नुसती हळद अंगी लागत नाही, मिरे घातले की लागते. तुझं सलाइनमधलं औषधही आधी एका झाडाच्या सालीतच सापडलं. अक्का सातवी शिकलेली, पण ऐकते कान देऊन.

शेवटी तिने एकच विचारलं. "कितली हळद?"

"चिमूटभर बी नही लागस," मी हसून म्हणाले आणि चहाला बसले. बशीत किती आणि बाईच्या पोटात किती, हाच तर माझ्या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न. तो तिने नेमका विचारला आणि मी हसण्यावारी नेला.

पुढच्या डोसला मी तिच्यासोबत धुळ्याला गेले. रक्ताचा रिपोर्ट आला तर लिव्हरचे आकडे चढलेले. डॉक्टरांनी डोस पुढे ढकलला. "दुसरं काही औषध घेता का? काढा, जडीबुटी?" त्यांनी विचारलं. "काहीच नाही," अक्का म्हणाली. ती खोटं बोलत नाही हे मला ठाऊक, म्हणून मीही मान हलवली. परतताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. आकडे उतरलेच नाहीत तर उरलेल्या डोसांचं काय, आणि मग अक्काचं काय?

त्या आठवड्यात मी तळोद्याच्या बाजारात रानहळदीचे कंद घ्यायला गेले. सातपुड्यातून येणारी एक म्हातारी पावरा आदिवासी बाई ते विकते. नेहमीप्रमाणे माझं तोंड सुटलं. हळद, कॅन्सर, बहीण, सगळं सांगून टाकलं. म्हातारीने मोजलेले कंद पाटीत परत टाकले.

"बहीण दुसरं काय खाते?" तिने मोडक्या मराठीत विचारलं.

"हे तिच्यासाठी नाही, कॉलेजसाठी आहे."

"तरी सांग." घरात आजारी माणूस असेल तर त्याच्या पोटात काय काय जातंय ते ऐकल्याशिवाय ती कुठलीही औषधी मुळी हातात देत नाही. दोन औषधं एका पोटात भांडतात, म्हणाली. बहिणीला मी ढीगभर सांगितलं होतं, विचारलं काहीच नव्हतं.

कंद तिथेच ठेवून मी कळसाडीला आले. स्वयंपाकघरात फळीवर बिस्किटांचा एक जुना डबा होता. उघडला तर हळद, मिऱ्याची पूड कालवलेली. सकाळी दोन मोठे चमचे, संध्याकाळी दोन, गरम तुपातून, अक्काने सांगितलं.

"डॉक्टरले का बरं नही सांगं?"

"त्यासनी औषधनं इचारं. हळद काय औषध शे का? ती ते वरणमा बी ऱ्हास." अक्काला माझा चेहरा पाहून नवल वाटत होतं. "तूच सांगं ना, कमी औषधमा काम व्हस. म्हन्तं, याकादा डोस तरी वाची."

'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण मी उतावळ्या पोरांना वर्गात कितीदा ऐकवली आहे. इथे सगळ्यात उतावळी मीच निघाले. लाज गिळून मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. हळदीमुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, ते म्हणाले, पण इतकी हळद आणि मिरे लिव्हरला जड जाऊ शकतात, औषधाचं मापही बिघडवू शकतात. फोडणीपुरती ठेवा, बाकी बंद, आणि पुन्हा रक्त तपासू.

पुन्हा तपासलं तेव्हा आकडे उतरले होते. रिपोर्टचा कागद मी तीनदा वाचला आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडले. त्याच दिवशी चौथा डोस लागला.

सलाइन निम्मं झालं असेल, तेवढ्यात मोबाइल वाजला. पुण्याने तोच प्रयोग पुन्हा केला होता. निकाल तोच. मी फोन पर्समध्ये टाकला, ओठ घट्ट मिटले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

"काय वनं?" अक्का म्हणाली.

"काई नही."

"तोंडवर दिसी ऱ्हायनं. सांग."

"हाई तुन्हासाठे नही शे, अक्का."

"माहित शे. तरी सांग. तू अशी सांगस ना, तव्हय मले वाटस, मी बरी व्हसू." मग तिने बोट उचललं. "पन पहिले माप. कितली हळद?"

"सुईना टोकवर ऱ्हाई इतली," मी म्हणाले. "आनि तीबी बशीमा. पोटमा कितली, ते आजून कोनलेच माहित नही."

अक्काने मान हलवली, सलाइनचा हात गादीवर सरळ ठेवला आणि उशीला टेकून बसली.

"आते नाच," ती म्हणाली.